माझ्या खोलीवरची चिठ्ठी

त्या दिवशी दुपारी अशी गरम लू सुटली होती की शेजारच्या प्रमोदला मी अंगणातूनच आत ओढलं. खरं तर मला त्याला चिठ्ठ्या दाखवायच्या होत्या.

नात पहिलीत आहे. तिच्या मॅडमनं सांगितलं, घरातल्या वस्तूंवर त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावा, रोज बोट ठेवून वाचा, शब्द पक्के होतात. मटका, नल, खाट, सगळ्यांवर चिठ्ठ्या लागल्या. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण तिच्यामागं फिरून फिरून 'नल' मलाही ओळखता येऊन राहिला.

तिला म्हटलं, "माझ्या खोलीलाही लाव ना, बाई."

ती स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारून आली अन् दारावर चिठ्ठी लावून गेली. तेव्हापासून येता-जाता मी त्या चिठ्ठीवर हात फिरवायचो. वाटायचं, आपलं नाव लागलं.

"वाच भैया, मोठ्यानं वाच," मी प्रमोदला म्हटलं.

त्यानं चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं.

"काहून रे? अक्षर खराब आहे काय?"

"नाही काका, अक्षर साफ आहे." त्यानं स्वयंपाकघराकडं पाहिलं अन् आवाज खाली आणला. "'स्टोर रूम' लिहिलंय. काढून टाकू काय?"