प्लास्टरमधला हात

सांस्कृतिक केंद्रात दर महिन्याला नव्या चित्रकाराची पाळी यायची. या खेपेला भिंत तिची होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत ती बसून होती. तिच्या शेजारी राहणाऱ्या आजींचं तिनं काढलेलं चित्र पाहून दोघं थबकली. या आजींची वेणी हल्ली तीच घालून देत होती.

“दादा, ही आपली आई!”

“काहीतरीच. आईच्या हाताला कुठंय प्लास्टर?”

“मागचा पडदा बघ, मीच दिलेला. हात कधी मोडला रे?”

“मला काय विचारतेस? फोन तू करतेस ना तिला?”

“मी? मला वाटलं, तू करतोस. तिचं घर तुझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे.”

“म्हणून काय रोज जाऊन बसू?”

“हळू बोल. त्या बाई बघतायत.”

“बघू देत. पण हे असं चारचौघांत टांगायचं? मामानं पाहिलं तर आपल्या तोंडात शेण घालेल. अहो बाई, हे चित्र कधी उतरणार?”

“रविवारी,” ती म्हणाली.

“बरं झालं. सोमवारी जाऊ आईकडे.”

“आजच जाऊ या ना, दादा.”

“वेडी आहेस का? आज गेलो तर तिला वाटेल, चित्र बघून आलो.”