वहिनीसाठी रसायनाचं पुस्तक निवडताना

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, 'कुठली आवृत्ती हवी?' आता तुम्हीच सांगा, आवृत्ती म्हणजे काय हे मला माहीत असतं, तर मी मोशीच्या रानात ढेकळं फोडत बसलो असतो का? मी म्हटलं, चांगली असेल ती द्या. तो चष्म्यावरून बघत म्हणतो, 'परीक्षा कुठली?' म्हटलं, रसायन शिकवणाऱ्या मास्तरांची, दाखल्याची. 'कोण देणार, तुम्ही?' आणि हसला. मी चौथीतून पळालेला माणूस, हसण्यासारखं होतंच, पण माझं डोकं फिरलं. दादा असता तर त्यालाच विचारलं असतं. पण दादा असता तर पुस्तक लागलंच कशाला असतं?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रंगराव. चिंचवडच्या शाळेत रसायन शिकवायचा. श्रावणात टायफॉइडनं गेला. तुम्हाला सांगतो, पिंपरीत एवढा औषधाचा कारखाना झाला, दादानं मला मुद्दाम नेऊन दाखवला, आणि तिथलं औषध म्हणे टायफॉइडला चालतच नाही. मग बांधला कशाला, असं मी डॉक्टरला विचारलं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. खांदा काय करायचाय मला?

जाऊ द्या. दादाची पुस्तकं आमच्या कोंडाजीकाकानं दहाव्याला कपड्यांबरोबर वाटून टाकली. 'मेल्या मान्साची वस्तू घरात ठिऊ न्हाई.' आणि आठच दिवसांनी हेडमास्तर दारात. म्हणाले, सुमनताई, म्हणजे आमची वहिनी, इंटर सायन्स झाल्यात, मास्तरकीच्या दाखल्याची परीक्षा दिली तर रंगरावांची जागा त्यांना देऊ, जूनपर्यंत थांबतो. काका म्हणतो, 'बाईमान्सानं रसायन शिकून काय सोनं करायचं हाय? दुसऱ्याची लेक ती. कांदा निघाला की माहेरी पोचवू.' पोचवू म्हणे, वहिनी काय पोतं आहे? मी तिथंच सांगून टाकलं, वहिनी कुठं जाणार नाही, ती परीक्षेला बसणार, आणि पुस्तक मी आणणार. बोललो आणि मग आठवलं, पुस्तकातलं आपल्याला काय कळतं? दादा असता तर म्हणाला असता, सयाजी, आधी डोकं, मग तोंड. पण दादा असता तर...

तर, दुकानदारानं रसायनाची होती नव्हती ती तीन पुस्तकं मांडली. मी चाकणच्या बाजारात बैल बघतो तशी बघितली. उचलून वजन घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पानं फाकवून आत बघितलं. एक मरतुकडं होतं, एकाची शिवण उसवलेली, तिसरं मात्र खांद्यानं भरलेलं, जाडजूड. ठरलं. मग मी आपलं उपरणं त्याच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. का म्हणून काय विचारता? चाकणला भाव कुणी तोंडानं बोलतं का? कापडाखाली बोटं दाबायची, शेजारच्याला पत्ता लागत नाही. हा दचकून मागे सरला. 'अहो, हात सोडा माझा, किंमत छापलीय मागे.' सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. बघा म्हटलं, बघा, पुस्तक घेतल्याशिवाय मी हलत नाही.

घरी आलो. वहिनीनं पुस्तक उघडलं, दोन पानं चाळली, आणि म्हणते, 'भाऊजी, हे कातडी कमावण्याच्या रसायनांचं आहे.' आणि हसली. श्रावणापासून पहिल्यांदा हसली, त्यामुळे मला धड रागावताही येईना. म्हणाली, 'असू दे. रसायन मला येतं. परीक्षकांपुढं ते शिकवून दाखवायचंय. ज्याला काहीच येत नाही, अशा कुणाला तरी शिकवून बघायला हवं.' आणि माझ्याकडे बघत राहिली.

म्हणजे शहरापर्यंत एवढी सायकल हाणून मी आणलं काय, तर तिला शिष्य म्हणून मलाच. दादा असता तर पोट धरून हसला असता.

बसलो पाटी घेऊन, ओसरीवर, सगळ्या गावादेखत. बघायचं त्यानं बघावं. काका तरातरा आला, जाब विचारायला. तेवढ्यात वहिनीनं मला विचारलं, 'कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की काय होतं?' मी म्हटलं, ओला होतो.

'ओला हुतो म्हनं,' काका दारातनंच म्हणतो, 'आरं, फसफसतो, वाफा निघत्यात, हात भाजतो. भिंतीला चुना तू लावला का मी?'

'बरोबर, मामंजी,' वहिनी पदर सावरत म्हणाली. 'पण पाणी तर गार असतं. मग तापतो कशानं?'

काकानं इकडं तिकडं बघितलं. मग हळूच खाली टेकला आणि म्हणाला, 'कशानं?'

झालं. तो जो टेकला तो अजून उठलेला नाही. रोज दिवेलागणीला माझ्या आधी येऊन पुढं बसतो, माझ्याआधी उत्तरं देतो. माहेरी पोचवायचं नाव नाही. कांदा निघाला, विकूनही झाला. आणि काल मला म्हणतो कसा, 'सयाजी, ध्यान दे जरा. तुज्यापायी माज्या सुनंची परीक्षा बुडंल.' माझ्यापायी! आता याच्याशी कोण भांडणार? मी मुकाट्यानं सरकलो आणि मागच्या रांगेत बसलो.