राहेलअक्काच्या घरचं पाणी

मी औशाकडच्या खेड्यातली, घर सासऱ्यापासून ख्रिस्ती. शाळा शिकले न्हाई, पण प्रभुभोजन म्हंजी काय ते मला भाकर थापून कळलं बघा. आमच्या देवळात तवा पाव कुठला, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून ज्वारीची भाकरच मोडून समद्यांना वाटायचे, आन् प्रभूच्या मेजाची ती भाकर थापायचा मान सासूनं मला दिलेला. सासूची रीत लई कडक. जिच्यासंगं अबोला हाय तिच्या घरी शनवारी जायाचं, पाणी मागून प्यायचं, मगच त्या पिठाला हात लावायचा.

आन् दुष्काळ पडला, काय सांगू तुम्हाला, हिरीचा तळ दिसाया लागला. घरटी एक घागर. त्याच हिरीवर माझं नि माझ्या थोरल्या जावंचं, राहेलअक्काचं वाजलं. मी म्हणलं नंबर माझा, ती म्हणली माझा, मी दिला धक्का, तिची भरली घागर पालथी. ती रडली न्हाई का शिवी दिली न्हाई, रिकामी घागर काखंत घेऊन गेली. त्याचाच मला जास्त राग आला.

महिन्यानं पाळकसायबाचा सांगावा आला, आइतवारी प्रभुभोजन. सासू म्हणली, जा अक्काकडं. मी म्हणलं, अवो मीठ मागते, पीठ मागते, पाणी कोणत्या तोंडानं मागू? सासू म्हणली, मग ऱ्हाऊ दे, भाकर दुसरी कुणी थापील, तू मागं बस. समदे मेजापुढं गुडघे टेकणार आन् मी मागं बसून बघणार, ते काही मला सोसणारं नव्हतं.

गेले. दारातच हुबी राहिले. म्हणलं, अक्का, पाणी दे. तिनं माझ्याकडं बघितलं, रांजण वाकडा केला, तळाचं गढूळ तांब्याभर निघालं, ते फडक्यानं गाळून माझ्या हातात दिलं. घरात दुसरा थेंब नव्हता हो. मी घोटभर पिऊन परत देऊ लागले तर म्हणली, पी समदं, उन्हातनं आलीस. मला हुंदकाच आला. अर्धं मी पिले, अर्धं तिला पाजलं.

दुसऱ्या दिशी एवढ्या मंडळीत एक भाकर, वाट्याला नखाएवढा तुकडा. पाळकसायब म्हणले, प्रभूनं त्या शेवटच्या जेवणात, आपल्याला वैऱ्याच्या हाती धरून देणाऱ्या शिष्यालासुदीक आपल्या ताटातलं दिलं. माझी मान खाली गेली. त्यो तुकडा जिभंवर ठेवला तवा मला अक्काचा तांब्याच दिसला. एवढं मोठं मन माझ्यात न्हाई, तिच्यात हाय, आन् तिला ते कुठून आलं हे मला तवा समजलं.

मग लातूर जिल्हा झाला, उस्मानाबादचे हेलपाटे गेले, मागनं नळ आला, मेजावर बेकरीचा पाव आला. सासू गेली. अक्काला आता दिसत न्हाई. पण शनवारी मी जातेच, भांडण नसलं तरी. ती म्हणती, आज काय बिघडलं गं? मी म्हणते, काही न्हाई, पाणी दे. मग चाचपडत तांब्या काठोकाठ भरती, माझ्यापातूर आणोस्तर निम्मं माझ्या लुगड्यावर सांडती. सांडू दे अक्का, म्हणते मी, आन् राहिलेलं आमी दोघी पितो. देव तिला लई आयुष्य देवो.