आयलिफला उठवताना

...नाही, पण सकाळ कुठली हो? तुम्हीच सांगा! डॉक्टरीणबाई म्हणतात, "रोज सकाळी अर्धा तास त्यांना या लख्ख दिव्यासमोर बसवा, उन्हाची उणीव भरून निघते." अहो, नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला आमचं वार्द्यो गाव, तिथं नोव्हेंबरात सूर्य बुडाला की जानेवारी सरता सरता उगवणार, मधे सकाळ आणू कुठून? पण घेतला दिवा. माझ्यासाठी नाही हं, आयलिफसाठी! सव्वीस वर्षं माशांच्या कारखान्यात शेजारी उभं राहून कॉड कापला आम्ही, आणि यंदा गडी अंथरुणातून उठेचना! बाई विचारत होत्या, झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन रमतं का... मी म्हटलं, "त्याचं विचारताय की माझं?" त्या लिहायच्या थांबल्या. मी म्हटलं, "त्याचंच लिहा."

तर गेलो त्याच्या घरी दिवा घेऊन. "ऊठ आयलिफ, सकाळ झाली!" दुलईतून आवाज आला, "सकाळ कुठली?" खरंच होतं की! दिवा लावला, तर ह्यानं भिंतीकडे तोंड केलं. दिवा भिंतीकडे नेला, तर डोक्यावर उशी! "लेका, कशाला छळतोस?" "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." "मग त्यांनाच बसव!" हे असं दीड महिना, रोज! तो पाठ करून पडलेला आणि दिव्यासमोर कॉफी घेऊन मीच बसलेलो... आणि तुम्हाला सांगतो, मलाही काडीचा फरक नाही!

शेवटी सूर्य यायचा दिवस उजाडला... म्हणजे उजाडायचा होता. शाळेला सुट्टी, सारं गाव किल्ल्यापाशी. मी आयलिफला बुटांत कोंबला आणि ओढत नेला. आणि आला हो! समुद्रावर आधी लाल कड, मग अख्खा गोल, किल्ल्यावरून सलामीची तोफ धडाडली, पोरं किंचाळली, म्हाताऱ्या रडल्या! मी श्वास रोखून आयलिफकडे बघतोय... त्यानं नीट पाहिलं. म्हणाला, "हं. आला." आणि वळला, घरी जाऊन परत दुलईत! दारातून विचारलं, "उद्या येऊ?" म्हणाला, "ये. सकाळी नको."

सकाळी नको! आता ह्याला काय म्हणायचं?

घरी आलो तर आमची तोरुन, बायको माझी, खुशीत. "अरे, सूर्य आला! आता तरी हस की जरा!" हसलो. अगदी सगळे दात दाखवून हसलो. तिनं बघितलं माझ्याकडे... बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाली, "बरं, राहू दे."