बाक्सोच्या रांगेतला देवमासा

इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या विद्यापीठात बाक्सोच्या, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या सुपाच्या, गाडीपुढे ग्रंथालयातल्या सुमिराबाई भुकेने कासावीस होऊन उभ्या होत्या आणि पुढची सहा पोरं जागची हलत नव्हती.

"लारास, देवमाशाला पाय नाहीत, मग कंबरेचं हाड कशाला?" एका पोराने पुढच्या मुलीला विचारलं.

"पूर्वज चालायचे त्याचे. पाय गेले, हाड राहिलं."

"अगं पोरी, हे वर्गात बसून बोला की!" सुमिराबाई म्हणाल्या.

"उत्क्रांतीच्या चर्चेला खोली नाकारली, बाई. परवानगीशिवाय पाचजण जमले तर विद्यापीठातून नाव कमी. रांगेला परवानगी लागत नाही."

"मग रांग सरकू दे ना!"

"सरकली तर चर्चा संपेल."

तेवढ्यात रखवालदार आला.

"जमाव कसला हा?"

"रांग आहे, काका."

"मग घेत का नाही?"

"थोरांच्या आधी कसं घ्यायचं? आधी तुम्ही."

"छे छे, आधी तुम्ही." तो सवयीने म्हणाला आणि चिडला. "बाई, तुम्ही तरी खरं गिऱ्हाईक ना? व्हा पुढे. तुम्ही घेतलंत आणि हे तसेच उभे राहिले, तर यांची रांग खोटी; आत्ता सगळ्यांची नावं लिहून घेतो."

सुमिराबाईंच्या पोटात कावळे ओरडत होते.

"मला कसली घाई?" त्या म्हणाल्या. "आधी ही पोरं. हं लारास, त्या हाडाचं काय म्हणत होतीस?"