मागे नुसतं आकाश

एर्मिनिया : आणि ह्यात पक्षी कुठाय?

फाउस्तो : मधोमध आहे, ताई. तो तपकिरी डाग.

एर्मिनिया : डाग होय. माझ्या आंब्याची पानं मात्र सुरेख आलीत. शीर न् शीर दिसते.

फाउस्तो : तेच तर दुखणं आहे. कॅमेरा समोर जे आधी सापडेल त्याच्यावर डोळा रोखतो. पुढे पानं, मागे पानं, आणि मधली ही बाई पानासारखीच.

एर्मिनिया : अख्ख्या हातो मायोर गावातल्या नवऱ्यामुलींचे फोटो काढलेस तू.

फाउस्तो : त्यांच्यामागे निळा पडदा असायचा. आणि नवरी 'हलू नको' म्हटलं की हलायची नाही.

एर्मिनिया : मग चादर बांधू का झाडाला?

फाउस्तो : बांध की. चढ वर.

एर्मिनिया : चढता आलं असतं तर चादर कशाला बांधली असती? आजारी पिल्लूच घरट्यातून खाली आणलं असतं. पण खोड वाळवीनं पोखरलंय. त्याच्यावर मांजरसुद्धा चढत नाही.

फाउस्तो : आज दुर्बिणीतून पाहिलंस त्याला?

एर्मिनिया : पाहिलं. डोळ्यावरची गाठ फुगलीय. ती मेली माशी कातड्याखाली अळ्या सोडते नि त्या आतून खात बसतात. त्याचा भाऊ असाच गेला, मान टाकून. हे अजून चोच वर करतंय.

फाउस्तो : पक्षीवाल्यांना पुन्हा फोन केलास?

एर्मिनिया : केला. पोरगी गोड बोलते, पण पालुपद तेच. "आजी, रोज कुणी ना कुणी गावोगावच्या साध्या ग्वाराग्वाओ पक्ष्याला दुर्मीळ ससाणा समजून बोलावतं. खांद्याचा तांबडा रंग दिसेल असा फोटो पाठवा, चढणारी माणसं औषध घेऊन येतील." म्हणून तर तुला बोलावलं. नाहीतर तुझा भात कोण शिजवत बसलं असतं?

एलिहियो : येऊ का कुंपणाच्या अलीकडे, मावशी? बायकोनं गोड राजमा दिलाय. मास्तर, पाहुणीबाईंची छबी निघाली का?

फाउस्तो : पानांची निघाली.

एर्मिनिया : वाटी तिथं ठेव, एलिहियो. आणि वर बघून हसू नकोस. मागच्या महिन्यात तूच तिला गोफणीनं दगड मारलास.

एलिहियो : माझी कोंबडीची पिल्लं गेली होती. नंतर कळलं, मुंगूस नेत होतं. म्हणून तर राजमा आणलाय. बोला, कुठली फांदी आड येतेय?

फाउस्तो : ही पुढची. पण ही काढली तरी मागे जंगलच आहे.

एलिहियो : मग मागचीपण काढू. माझी आकडी लांब आहे, खालूनच ओढतो. चढायला नको.

फाउस्तो : मागचीही निघाली तर... मागे नुसतं आकाश राहील.

एर्मिनिया : तुझा निळा पडदा.

फाउस्तो : हो. पण झाड तुझं आहे, ताई. कैऱ्या लागल्यात त्या फांदीला.

एर्मिनिया : कैऱ्यांचं काय घेऊन बसलास. ती घाबरून निघून तर नाही ना जायची?

फाउस्तो : ओरडेल थोडी. पिल्लू सोडून कुठं जातेय?

एर्मिनिया : मग काढ, एलिहियो. हळूच काढ.

(दुसऱ्या दिवशीची दुपार. त्याच अंगणात, तिघंही.)

फाउस्तो : आत्ता बोललो पक्षीवाल्यांशी. तीच आहे म्हणाले. अख्ख्या कचेरीनं फोटो पाहिला. अशी दोन्ही पंख पसरून उभी राहिलेली ससाणी त्यांना आजवर कुणी पाठवली नव्हती. मुद्दाम उभी केल्यासारखी दिसते म्हणे. भिंतीवर लावणार आहेत.

एर्मिनिया : येणार कधी?

फाउस्तो : उद्या सकाळी. आज चढणारी माणसं डोंगरापलीकडच्या घरट्यांवर गेलीत, तिथं फोन लागत नाही.

एलिहियो : मास्तर, तुम्ही फोटो काढला सकाळी. ती अजून तशीच आहे बघा.

फाउस्तो : तशीच म्हणजे?

एलिहियो : पंख पसरून. मी शेतावर जाऊन आलो, जेवून आलो. चोच उघडी पडलीय, पण पंख काही मिटत नाही.

एर्मिनिया : दे ती दुर्बीण... फाउस्तो.

फाउस्तो : काय गं?

एर्मिनिया : सावली धरलीय तिनं. पिल्लू खाली आहे, तिच्या पंखाखाली. ती फांदी होती तेव्हा घरट्यावर ऊन येत नव्हतं.

फाउस्तो : अरे देवा.

एलिहियो : आकडी मी चालवली.

एर्मिनिया : आणि हो मी म्हटलं. आता दोषाचे वाटे कसले करत बसता? काहीतरी करा.

एलिहियो : तोडलेली फांदी आहे अजून कुंपणापाशी. बांबूला बांधून वर धरतो.

फाउस्तो : सावकाश. डावीकडे... अजून वर... थांब, थांब. उडाली ती.

एर्मिनिया : खाली घे, एलिहियो. खाली घे. पिल्लू उघड्यावर पडलंय.

एलिहियो : घेतली. घेतली, मावशी.

फाउस्तो : मागे या सगळे. घराला चिकटून उभे राहा... आली. बसली परत.

एर्मिनिया : पंख उघडले?

फाउस्तो : उघडले.

एलिहियो : नळीनं पाणी मारू? वरून पावसासारखं?

एर्मिनिया : सकाळपासून वीज नाही. पंपाशिवाय पाणी त्या नळीच्या तोंडापर्यंतसुद्धा येत नाही.

एलिहियो : अग्निशमनवाल्यांची शिडी?

फाउस्तो : पिल्लासाठी कालच केला होता फोन. पक्ष्यासाठी गाडी सोडत नाहीत.

एलिहियो : मग मी चढतो.

एर्मिनिया : चढशील आणि झाड, घरटं, तू, सगळं एकदम खाली येईल. तुझ्या बायकोला मी काय सांगू? बस खाली.

एलिहियो : नुसतं बसायचं?

एर्मिनिया : मला दुसरं काही सुचत नाहीये रे.

फाउस्तो : नर आला. सरडा आणलाय तिच्यासाठी.

एर्मिनिया : घेतला तिनं?

फाउस्तो : नाही. ठेवून गेला तो. ती मान वळवून बघतेय नुसती.

एर्मिनिया : जोवर पंख उघडे आहेत तोवर खाली जीव आहे, एवढं धरून बसायचं. ऊन घरामागे गेलं की सुटली ती.

फाउस्तो : ताई, मला तो फोटो परत मागून घ्यावासा वाटतो.

एर्मिनिया : घेऊन काय करशील? तो नसता तर उद्यासुद्धा कुणी आलं नसतं. राजमा खा.

फाउस्तो : नको.

एर्मिनिया : मलाही नको. माझ्या डोळ्याला धार लागलीय ह्या उजेडानं, तू बघ जरा, एलिहियो. काय करतेय?

एलिहियो : मिटले.

एर्मिनिया : काय?

एलिहियो : पंख मिटले तिनं. बाजूच्या फांदीवर जाऊन बसली.

एर्मिनिया : सुटली बाई. ऊन सरकलं म्हणायचं.

एलिहियो : ऊन तिथंच आहे, मावशी.