पानामागचा पत्ता

— अहो, या ना आत, बसा, दारात कशाला उभे? शाळेच्या ऑफिसातून माणूस येणार, समोरच्या शिक्षिकेचा लॅपटॉप तपासणार, हे सांगितलंय तिने मला. समोरच्या दारातलं मला कळलं नाही असं कधी झालंय? सहाला येईल ती — एकटीच असते बिचारी. तोवर माझं ऐका. चोरी केली म्हणता पोरीने? कसली चोरी! शाळेच्या वेबसाइटवर शिक्षकांची यादी आहे, दिसतात नुसती नावं. हिने काय केलं — माउसचं उजवं बटण दाबलं आणि पानाचा सोर्स उघडला, म्हणजे पान ज्या मजकुरावर उभं असतं तो. मलाही दाखवला. मुंग्यांची रांग नुसती! पण त्या मुंग्यांत प्रत्येक शिक्षकाचा फोन, घरचा पत्ता, सगळं उघडं — ना कडी, ना कुलूप. तुम्हीच पुडी बांधून घरोघर पाठवायची, आणि कुणी सोडून बघितली की तीच चोर? वा रे न्याय!

स्वतःचा पत्ता दिसला तशी उठून आधी दाराची कडी लावली हो तिने. का म्हणजे — आता तुम्ही ऑफिसातले, तुम्हाला सांगायला काय हरकत — नवऱ्याला सोडून आलीय. मारायचा. वर्षभर पत्ता सख्ख्या आईलासुद्धा कळू दिला नाही, आणि शाळेने तो जगाला वाटला! ते बटण ठाऊक नसतं तर गाफीलच राहिली असती की. मी तर आता दिसेल ते पान उलटून बघते — आमचे हे म्हणतात, लोकांची घरं पुरली नाहीत वाटतं तुला! परवा शाळेने गुपचूप पान बदललं, पण माफी? छे, उलट तिच्यावरच ठपका —

काय? आधी वर जाऊन आलात? अहो, चौथ्या मजल्यावर कशाला गेलात, ती तर — बघू ती हातातली पत्त्याची चिठ्ठी.

चौथा मजला.

शाळेच्या रजिस्टरात तिसरा आहे. फॉर्म भरताना मीच होते शेजारी. चौथा ही चूक... ती फक्त त्या पानामागे होती. तिनेच बोट ठेवून दाखवलेली.

तुम्ही — ऑफिसातूनच आलात ना?

नाही, बसू नका. उठा. अशी कुणी राहत नाही इथं. सहाला माझी भाची येते, तिच्याबद्दल बोलत होते मी. चला, निघा — अहो, ऐकलंत का, झोपलात का आत? बाहेर या आधी! फोन घेऊन या!